गोचीड, गोड रक्त आणि न विचारलेला एक प्रश्न

फेब्रुवारी संपत आला, की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. पेडण्याकडची एखादी माता मुलाच्या कानामागे बोट ठेवून म्हणते, "डॉक्टर, हा तीळ कालपर्यंत नव्हता." भिंगातून पाहावे, तर तिळाला पाय असतात. तो गोचीड काढून होईपर्यंत मातेचा दुसरा प्रश्न तयार असतो. "आम्ही सगळीच काजूत गेलो होतो, मग याच्याच अंगाला का? याचे रक्त गोड आहे काय?"

रक्ताच्या गोडीची ही समजूत आपल्या समाजात खोलवर रुजलेली आहे, आणि सुशिक्षितही तिला अपवाद नाहीत. गोचीड रक्ताची चव घेऊन माणूस निवडत नाही; चव घेण्याआधीच तो अंगावर चढलेला असतो. त्याच्या पुढच्या पायांच्या जोडीवर हालर या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे एक सूक्ष्म इंद्रिय असते. आपण सोडलेल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब, ओलावा, घामातील द्रव्ये यांची चाहूल त्याला या इंद्रियातून लागते. पावलांची कंपनेही तो ओळखतो. आपल्या भागात ज्याच्यामुळे माकडताप पसरतो, त्या हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा जातीच्या गोचिडाला तर डोळेच नसतात. त्याला उडता येत नाही, उडी मारता येत नाही. गवताच्या पात्यावर किंवा जमिनीवरच्या पातेऱ्यात पुढचे पाय पसरून तो वाट पाहत राहतो आणि जवळून जे जाईल त्याला चिकटतो.

विषाणुसंशोधक जंगलातले गोचीड कसे गोळा करतात, हे एकदा जरूर पाहावे. पांढऱ्या फ्लॅनेलचे एक फडके काठीला बांधून ते जमिनीवरून ओढत नेतात, आणि त्या फडक्याला गोचीड चिकटून येतात. त्या फडक्याचे रक्त कोणत्या जातीचे गोड असते?

मग तिघांपैकी एकालाच गोचीड का लागतो? बहुधा तो खाली बसलेला असतो. मोठी माणसे उभ्याने बोंडू वेचून पुढे जातात. मूल पातेऱ्यात बसते, लोळते, झुडुपात शिरते. त्याची उंचीच मुळी गवताइतकी, म्हणून लहान मुलांत गोचीड डोक्यावर, कानामागे, मानेवर अधिक सापडतो. मोठ्यांत तो जांघेत, काखेत, कमरपट्ट्याखाली मिळतो. तो चावताना दुखत नाही, कारण त्याच्या लाळेत वेदना आणि दाह कमी करणारी द्रव्ये असतात. चावा कळत नाही, म्हणून तो आपल्याला हेतुपुरस्सर शोधावा लागतो.

आता या विषयाच्या गांभीर्याकडे वळतो. 1957 साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने आजारी पडू लागली. पुण्याच्या तत्कालीन व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, या तापाचा विषाणू शोधून काढला. पुढे कित्येक वर्षे आपण हा कर्नाटकाचा आजार मानून स्वस्थ होतो. 2015 साली सत्तरीतील पाली गावात काजूच्या कामावरील माणसांना हा ताप आला. 2016 साली दोडामार्ग तालुक्यातील केर गावात, 2017 साली बांदा परिसरात त्याने बळी घेतले. दोडामार्ग डिचोलीला लागून आहे, आणि बांदा पत्रादेवीपासून हाकेच्या अंतरावर.

या आजाराला 'माकडताप' हे नाव पडले, हे माझ्या मते दुर्दैवी झाले. वानर आणि लाल तोंडाचे माकड हे या विषाणूचे आपल्यासारखेच, किंबहुना आपल्याहून अधिक दुबळे बळी आहेत. विषाणू गोचिडांत आणि रानातल्या लहान प्राण्यांत फिरत राहतो. माकडाला तो लागला, की माकड मरते, आणि त्याच्या अंगावरचे विषाणूयुक्त गोचीड त्या जागी जमिनीवर उतरतात. मेलेले माकड ही आपल्याला मिळालेली पूर्वसूचना असते. परंतु नावामुळे लोक माकडाला भितात, त्याला हुसकावतात, मेले तर गुपचूप पुरून टाकतात किंवा ओढून ओहोळात टाकतात. 'गोचीडताप' असे नाव असते, तर निदान नजर योग्य जागी गेली असती. मेलेल्या माकडाला हात न लावता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवणे, एवढेच काम नागरिकाचे आहे.

या गोचिडाचे वेळापत्रक आपल्या काजूच्या हंगामाशी नेमके जुळते. पावसाळ्यात मोठे गोचीड गुराढोरांवर वाढतात. पावसानंतर अंड्यांतून बारीक पिल्ले बाहेर येतात. आणि साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत त्यांची मधली अवस्था, खसखशीच्या दाण्याएवढी, पातेऱ्यात पसरलेली असते. माणसाला चावते ती प्रामुख्याने हीच. याच दिवसांत हणखणे, इब्रामपूर, साळ, लाटंबार्सेच्या डोंगरांवर बाया बोंडू वेचतात, आणि याच दिवसांत शाळांना सुट्टी लागून मुले आजोळी जातात. आजोळ पुष्कळदा दोडामार्गात किंवा सावंतवाडीत असते.

माझ्या व्यवसायबंधूंना यापुढचे थोडे अधिक कळकळीने सांगायचे आहे. मार्च-एप्रिलमध्ये तीव्र ताप, डोके व कंबर फुटेल अशी वेदना, लालसर डोळे, कमी झालेल्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घेऊन रुग्ण येतो. आपण डेंग्यूची चाचणी करतो, ती नकारात्मक येते, आणि आपण 'व्हायरल' असे लिहून मोकळे होतो. त्या कोरड्या महिन्यांत, त्या गावांतून आलेल्या रुग्णाला 'रानात गेला होता का, गावात माकड मेले आहे का' हे दोन प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. ताप उतरल्यावर काही रुग्णांत आठवडा-दोन आठवड्यांनी तो पुन्हा येतो, आणि या दुसऱ्या फेरीत मेंदूची लक्षणे दिसू शकतात. शंभरांतील तीन ते पाच रुग्ण दगावतात. विषाणूवर खास औषध नाही. पण वेळेवर दाखल करणे, रक्तस्राव वाढवणाऱ्या वेदनाशामकांची सुई टाळणे आणि रक्ताचा नमुना पहिल्या काही दिवसांतच तपासणीस पाठवणे, यांवर बरेच अवलंबून असते.

हा उपदेश मी उंचावर बसून करीत नाही. काही वर्षांपूर्वी सहा वर्षांचा एक मुलगा पाचव्या दिवसाच्या तापाने माझ्याकडे आला. अंगावर पुरळ होते. मी गोवरासारखा विषाणूजन्य ताप समजून घरी पाठवला. तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा पुरळ तळहातांवर आणि तळपायांवर उतरलेले होते, चेहऱ्यावर सूज होती, आणि मूल झोपाळलेले होते. सोबत त्याची आजी होती. ती सहज बोलून गेली, की दहा-बारा दिवसांपूर्वी घरच्या कुत्र्याचा एक गोचीड त्याच्या मानेवरून तिने रॉकेल लावून काढला होता. तो माकडताप नव्हता. गोचिडांतून येणारा रिकेट्सियाचा ताप होता, आणि त्यावर खात्रीचे औषध आहे. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. पण आजीला जे माहीत होते, ते मी पहिल्या दिवशी विचारलेच नव्हते. आजही त्या मुलाचा झोपाळलेला चेहरा आठवला, की मी अस्वस्थ होतो.

लहान मुलांना डॉक्सिसायक्लिन देताना आपला हात अजूनही अडखळतो. दात पिवळे पडतील ही भीती जुन्या टेट्रासायक्लिनच्या काळातली आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या 2017 सालच्या सूचनांनी रिकेट्सियाच्या तापात वयाचा विचार न करता हेच औषध पहिले मानले आहे.

प्रतिबंधाच्या बाबतीत आपली पत्रके फारच शहरी असतात. एप्रिलच्या उन्हात बोंडू वेचणाऱ्या बाईला 'गमबूट घाला' असे सांगणे म्हणजे न ऐकण्याची सोय करून देणे होय. तिला पाळता येईल तेच सांगावे. लांब बाह्यांचा फिक्या रंगाचा सदरा वरून घालावा, फिक्यावर गोचीड दिसतो. पायांत मोजे घालून विजारीची टोके त्यांत खोचावीत. आरोग्य खाते देते ते 'डेपा' तेल हातापायांना लावावे, आणि घामाने ते जात असल्यामुळे दुपारी पुन्हा लावावे. जेवायला पातेऱ्यात बसू नये. उघडा कातळ किंवा झाडून काढलेली जागा शोधावी. घरी आल्यावर कपडे घरात न नेता थेट गरम पाण्यात भिजवावेत, साबणाने अंघोळ करावी आणि मुलांचे केस, कान, बगला, जांघा पाहाव्यात. अगदी तान्ह्या बाळाला कोणतेही तेल वा मलम न लावता रानात नेऊच नये. गुरांच्या आणि कुत्र्यांच्या गोचिडांसाठी पशुवैद्यांकडे जावे.

गोचीड लागलाच, तर रॉकेल, चुना, पेटती काडी यांपैकी काही नको. त्याने तो चिडून आपली लाळ अधिकच आत सोडण्याचा संभव असतो. बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावा, बोटांनी चिरडू नये, जागा साबणाने धुवावी आणि तारीख लिहून ठेवावी.

लसीवर भिस्त ठेवण्याजोगी परिस्थिती आज नाही. कर्नाटकात 1990 पासून दिली जाणारी जुनी लस तिचा प्रभाव अपुरा ठरल्याने 2022 साली थांबवण्यात आली. नव्या लसीवर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे काम चालू आहे.

शेवटी आपल्या संघटनेपुढे एक मागणी ठेवतो. पेडणे आणि डिचोली एकेकाळी सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होती. सोयरीक, बाजार, जत्रा आजही सीमा मानत नाहीत, आणि गोचीडही मानत नाही. दोडामार्गचा रुग्ण बांबोळीला येतो, तेव्हा त्याच्या गावात माकडे मेली होती हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक असते? तिळारीचे पाणी दोन राज्यांनी करार करून वाटून घेतले. नोव्हेंबर ते मे या काळात सीमेच्या दोन्ही बाजूंच्या माकडांच्या मृत्यूंची आणि संशयित तापांची एक साधी साप्ताहिक यादी दोन्हीकडच्या डॉक्टरांच्या हाती पोहोचवणे त्याहून अवघड नसावे. येत्या नोव्हेंबरपूर्वी सिंधुदुर्गातील व्यवसायबंधूंशी याविषयी बोलणी सुरू करावीत. त्या कामासाठी माझे नाव लिहून घ्यावे.