मिठागराला मोकळी जागा म्हणू नका

हिवाळ्यात पश्चिम रेल्वेच्या गाडीने भाईंदरवरून जाताना खिडकीबाहेर पाहिले आहे का? रुळांपासून थोड्या अंतरावर बांधांनी आखलेले उथळ पाण्याचे चौकोन दिसतात. एकदा अशाच प्रवासात शेजारच्या एका मुलाने आपल्या वडिलांना विचारले, ‘‘बाबा, एवढी जागा रिकामी का ठेवली आहे?’’ वडील म्हणाले, ‘‘अजून कोणी इमारत बांधली नाही म्हणून.’’ हे उत्तर मला पटले नाही. का, ते आज तुम्हांला सांगतो.

पोहण्याचा तलाव तुम्ही पाहिला असेल. थंडीत पोहणारे कमी झाले तरी त्याचे पाणी गाळावे लागते, त्यात शेवाळ वाढू नये म्हणून जपावे लागते. मिठागर हाही खाऱ्या पाण्याचा तलावच. फरक एवढाच, की याची खरी निगा हिवाळ्यातच राखावी लागते. ती चुकली तर उन्हाळ्यात कितीही ऊन पडो, चांगले मीठ हाती लागत नाही.

पावसाळाभर ही आगरे पाण्याखाली असतात. पाऊस सरला की साचलेले गोडे पाणी बाहेर काढतात, फुटलेले बांध चिखलाने लिंपतात आणि वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करतात. तळ पोकळ राहिला तर महिनाभर आटवलेले पाणी जमिनीत मुरून जाईल! मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचे पाणी मोठ्या तळ्यांत घेतात. तेथून ते एका वाफ्यातून दुसऱ्यात असे हळूहळू पुढे सरकते आणि प्रत्येक टप्प्यावर अधिक खारट होते.

आता थोडा हिशोब करू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी साधारण २७ ग्रॅम आपले खाण्याचे मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. हे मीठ खाली बसू लागण्यासाठी पाण्याचा जवळजवळ नऊ-दशांश भाग उडून जावा लागतो. ‘‘मग थंडीने पाणी गार झाले की मीठ आपोआप खाली बसणार नाही का?’’ असे कोणी विचारील. नाही. १०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळते आणि उकळत्या पाण्यातही ३९ ग्रॅमच. म्हणजे गारव्याचा येथे फारसा उपयोग नाही; पाणी उडालेच पाहिजे. हिवाळ्यात ऊन सौम्य असले तरी हवा कोरडी असते, आकाश निरभ्र असते आणि जमिनीवरून वारा येतो. या तिघांच्या मदतीने आगरी माणूस उन्हाळ्यासाठी दाट पाणी तयार करून ठेवतो.

पाणी किती दाट झाले हे हायड्रोमीटरने कळते. त्यावर ‘बोमे’ नावाचे अंश असतात. समुद्राचे पाणी सुमारे ३ अंश भरते. १३ अंशांच्या पुढे जिप्सम खाली बसू लागते आणि २५ अंशांना मीठ. २९-३० अंशांच्या पुढे मात्र थांबावे लागते, कारण उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचे कडू क्षार दाटलेले असतात. ते पाणी वेळेवर सोडून दिले नाही तर मीठ कडवट होते आणि दमट हवेत लवकर पाणी सुटते. जिप्सम एका वाफ्यात, मीठ दुसऱ्यात आणि कडू पाणी बाहेर! प्रयोगशाळेत आपण क्षार वेगळे करतो, ते काम येथे दिव्याशिवाय आणि काचेच्या भांड्यांशिवाय चालते.

हिवाळ्यात अवेळी पाऊस आला तर? गोडे पाणी हलके म्हणून ते दाट पाण्यावर तरंगते. वारा त्यांना ढवळून एक करण्याआधी वरचा थर हलकेच सोडून द्यायचा असतो. हे तुम्ही घरी करून पाहा. अर्ध्या पेल्यात मिठाचे दाट पाणी घ्या. दुसऱ्या पेल्यातल्या साध्या पाण्यात शाईचा थेंब टाका आणि ते चमच्याच्या पाठीवरून सावकाश पहिल्या पेल्यात ओता. दोन थर स्पष्ट दिसतील.

आता माझ्या मताकडे येतो. भाईंदर परिसरातील पुष्कळ मिठागरांत आता मीठ पिकत नाही. गुजरातचे मीठ स्वस्त पडते, आगरातले काम कष्टाचे आहे आणि ते करणाऱ्यांच्या मुलांनी दुसरी नोकरी धरली तर त्यांना दोष देता येणार नाही. माणसांना घरे हवीत, हेही खरे. कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील सुमारे २५६ एकर मिठागरांची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी वापरण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये घेतला, तोही याच गरजेपोटी.

पण मिठागराची किंमत केवळ मिठाच्या भावाने करू नये. ही सखल जमीन आहे. पावसाळ्यात पाणी तिच्यावर पसरते, साचते आणि ओहोटीला खाडीत उतरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा दिवशी पाण्याला पसरायला जागा लागतेच. भराव घातला म्हणून ते पाणी नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाते. शिवाय या पाण्यातले सूक्ष्म जीव आणि त्यांच्यावर जगणारे पक्षी यांना दुसरे ठिकाण आपण कोठून देणार?

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की निर्णय घेण्यापूर्वी मोजमाप व्हावे. कोणत्या आगरात किती पाणी मावते, ते कोठून येते व कोठे जाते, हे आधी पाहावे. आणि मीरा-भाईंदरच्या शाळांनी निदान एक सहल तरी, बांध सांभाळणाऱ्या माणसांची परवानगी घेऊन, डिसेंबर-जानेवारीत मिठागरावर न्यावी. बरोबर हायड्रोमीटर आणि वही असावी. ज्याने एकदा तीन अंशांचे पाणी पंचवीस अंशांवर जाताना मोजले आहे, तो गाडीच्या खिडकीतून पाहून त्या जागेला रिकामी म्हणणार नाही.