डोळे मिटा, पण उघडाही!

परीक्षा, इंटर्नशिप, प्लेसमेंट... टेन्शन आलं की आपण काय करतो? मेडिटेशनचं अ‍ॅप उघडतो. दहा मिनिटं डोळे मिटायचे, जरा बरं वाटलं की पुन्हा रील्स. माझंही हेच चालायचं. म्हणून जेझुइट धर्मगुरूंच्या 'एग्झामेन'बद्दल वाचलं तेव्हा दचकलेच.

दुपारी आणि रात्री, दिवसातून दोनदा थांबायचं. आभार कशाबद्दल मानायचे, चुकलं कुठे, पुढे काय सुधारायचं, हे स्वतःला विचारायचं. ही सवय लावली त्यांच्या संस्थापकाने, इग्नेशियस लोयोलाने. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून हा पठ्ठ्या अंथरुणाला खिळला. पराक्रमाची स्वप्नं रंगवताना त्याला मस्त वाटायचं, पण नंतर सगळं कोरडं. संतांसारखं जगायचा विचार केला की मात्र समाधान टिकायचं. हा फरक ओळखा आणि मग निर्णय घ्या, असं तो सांगतो. करिअर निवडताना आपल्यालाही हे उपयोगी पडेल की!

पण फक्त आत डोकावणं पुरतं का? मला नाही वाटत. रोज आत्मपरीक्षण करणाऱ्या याच संघाच्या अमेरिकेतल्या धर्मगुरूंनी १८३८ मध्ये २७२ गुलाम माणसांच्या विक्रीचा सौदा केला. प्रार्थना चालू होती, समोरचा माणूस मात्र दिसत नव्हता.

दुसरीकडे याच संघाचे फादर स्टॅन स्वामी. झारखंडमध्ये खटल्याविना तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांसाठी ते झटले. पुढे भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांनाच अटक झाली. खटला सुरू होण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत, ८४व्या वर्षी ते गेले. त्यांच्याबद्दल मतं वेगवेगळी असतील. पण त्यांची प्रार्थना खोलीत अडकून पडली नाही, हे तर मान्य कराल?

मी कॅथलिक नाही, तुम्हीही नसाल. तरी आज झोपण्याआधी फोन बाजूला ठेवून बघा. 'मला कसं वाटलं?' हे विचाराच. पण त्यासोबत हेही विचारा, 'आज मी कोणाकडे बघून न बघितल्यासारखं केलं?' माझ्या यादीत काल कॅन्टीनमध्ये टेबल पुसणारा मुलगा होता. सहा महिने रोज दिसतो, नाव अजून विचारलेलं नाही.