टाकी मोठी की पाय टेकणारी सीट?

सांबऱ्याहून चोर्ला घाटाकडे निघणाऱ्या पोरांची नजर आधी टाकीवर जाते. हिमालयन ४५० ची १७ लिटरची, एक्सपल्स २०० ची १३ लिटरची. पण १७ लिटर पेट्रोल म्हणजे साडेबारा किलोच्या आसपास वजन, तेही वरच्या अंगाला. चिखलात गाडी कलली की पाय टेकला पाहिजे. दोन्हींची सीट सव्वाआठशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणून बूट घालूनच बसून पाहावे. मागे बसणाऱ्या घरच्या माणसालाही बसवावे. दुकानदाराने घाई केली तर ‘स्वल्प तडीरी’ म्हणावे!

सीट खाली घ्यायची म्हणून सगळा फोम कापू नका, तासाभरात कंबर बोलू लागते. पुढचा, मांडीजवळचा भाग दोन्ही बाजूंनी तासला तरी पाय बराच खाली जातो.

पावसाळ्यात खरी काळजी टाकीच्या झाकणाची. त्याच्याभोवती पाणी निघून जायला बारीक छिद्र असते. लाल मातीने ते बुजले की पाणी पेट्रोलात उतरते. आता पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आपल्याकडच्या उसाचेच म्हणा, आणि ते पाणी ओढून घेते. मग तळाला गंज. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा आणि छिद्रात हवा मारून घ्या.