मोटारवाल्यांनीच मोटारवाल्यांना सांगावे!

उलव्यास आता कोणी आडवळणाचे गाव म्हणू शकणार नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आगगाडी आली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणाऱ्या अटल सेतूचे उद्घाटन झाले व मुंबई अगदी दाराशी येऊन ठेपली. ज्या विमानतळासाठी उलवे टेकडी उतरवावी लागली आणि उलवे नदीचे पात्र वळवावे लागले, त्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानेही उडू लागली. शेजारचे जवाहरलाल नेहरू बंदर तर १९८९ पासूनच चालू आहे. या साऱ्याचा परिणाम असा की, बंदराकडे जाणारे अजस्र ट्रेलर, सेतूवरचा वेग अंगात घेऊन उतरणाऱ्या मोटारी, नव्या इमारतींतल्या कुटुंबांनी आयुष्यात प्रथमच घेतलेल्या गाड्या, आणि गव्हाण-वहाळच्या बाजूने पायी येणारी माणसे, हे सारे एकाच परिसरात एकत्र आले आहेत. वसाहतीतले रस्ते सिडकोने बांधले. परंतु त्या रस्त्यांवरची रीत कोणी बांधावयाची, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाला एक उत्तर अलीकडे वारंवार ऐकू येते. मोटारींची आवड असलेल्या मंडळींनी आपापले गट स्थापन केले आहेत. गाडी कोणती घ्यावी, घाटात ती कशी चालवावी, वाटेत बंद पडली तर कोणाला हाक मारावी, याचा विचारविनिमय ते करतात. सुट्टीच्या दिवशी एकत्र सहलीस जातात. अशा मंडळींनी मनावर घेतले तर आपल्या वाहनचालकांस शिस्त आणि सौजन्य लागेल, असे हे उत्तर आहे. आम्हांस ते सर्वस्वी अमान्य नाही. मात्र ते एका अटीवरच खरे ठरेल, असे आमचे मत आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे की, केवळ कायद्याच्या बळावर हे काम होणारे नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; त्यांपैकी १५ हजारांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. दर दहा मृत्यूंपैकी सुमारे सात मृत्यूंच्या मुळाशी बेसुमार वेग होता. कायदा नव्हता म्हणून हे घडले असे कोण म्हणेल? १९८८ चा मोटार वाहन कायदा २०१९ मध्ये अधिक कडक करण्यात आला, दंड वाढले, चौकाचौकांत कॅमेरे बसले. परंतु कॅमेऱ्याला वेग दिसतो, उर्मटपणा दिसत नाही. पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेला ताटकळत उभ्या असलेल्या वृद्धेसाठी गाडी थांबविली नाही, याबद्दल कोणाच्या घरी दंडाची सूचना क्वचितच येत असेल. २०२० च्या प्रारंभी मुंबई पोलिसांनी एक मार्मिक प्रयोग जाहीर केला होता. तांबडा दिवा असताना भोंग्यांचा कल्लोळ ८५ डेसिबलच्या वर गेला की तो दिवा पुन्हा पहिल्यापासून तांबडा होई. लोक हसले, क्षणभर ओशाळलेही. पण प्रत्येक चौकात असे यंत्र बसविता येत नाही आणि प्रत्येक गाडीमागे शिपाई ठेवता येत नाही.

जेथे शिपायाचा हात पोहोचत नाही तेथे चार लोकांची नजर पोहोचते. बेस्टच्या थांब्यावरची रांग हे त्याचे घरचेच उदाहरण आहे. तेथे पोलीस नसतो. तरीही मध्येच घुसणाऱ्यास मागचा मनुष्य हटकतो आणि घुसणारा बहुधा निमूटपणे मागे जातो. आश्चर्य असे की, वर्षानुवर्षे त्या रांगेत शहाण्यासारखा उभा राहिलेला हाच मध्यमवर्गीय गृहस्थ स्वतःच्या मोटारीत बसला की रांग ही संस्थाच विसरतो. याचे कारण त्याचा स्वभाव पालटला हे नव्हे. रांगेत त्याला चेहरा होता, काचेआड तो उरत नाही. ज्याला कोणी ओळखत नाही त्याला लाजण्याचे कारण पडत नाही. मोटारवाल्यांचे गट काही करू शकत असतील तर ते हेच की, काचेआडच्या माणसाला त्याचा चेहरा परत देणे. आपली गाडी ओळखणारे चार स्नेही याच रस्त्याने जातात, एवढी जाणीवही पुष्कळ काम करते.

परंतु गट म्हटला की गटाचा अभिमान आला, आणि तो नेहमीच समाजाच्या हिताचा असतो असे नाही. इंग्लंडमधील ऑटोमोबाइल असोसिएशनचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९०५ साली ती स्थापन झाली ती सौजन्याच्या प्रसारासाठी नव्हे, तर पोलिसांनी वेगमर्यादेसाठी लावलेल्या सापळ्यांतून सदस्यांस वाचविण्यासाठी. तिचे सायकलस्वार रस्त्यावर उभे राहून सदस्यांस सावध करीत. हे बेकायदेशीर ठरण्याची चिन्हे दिसताच त्यांनी नवी युक्ती काढली. सायकलस्वाराने सलाम केला तर वाट निर्वेध समजावी. सलाम केला नाही तर पुढे पोलीस आहे असे ओळखावे! मात्र याच संस्थेने पुढे गावोगाव धोक्याच्या सूचना देणाऱ्या पाट्याही लावल्या. त्याच देशात १९५६ साली निराळीच एक संस्था निघाली. परवाना हाती असूनही आपले वाहनकौशल्य पुन्हा एकदा कठोर परीक्षेस लावावे, अशा इच्छेने लोक तिच्याकडे स्वतःहून येऊ लागले. सदस्यास दंडापासून वाचविणे आणि सदस्याने आपण होऊन परीक्षेस बसणे, या दोन टोकांच्या दरम्यान मोटारवाल्यांच्या प्रत्येक गटाला आपली जागा निवडावी लागते.

आपल्याकडचे गट कोणत्या टोकाला आहेत? मुंबईत १९१९ पासून वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारखी जुनी संस्था आहे. संघटनेची परंपरा आपल्याला नवी नाही. तरीही पुढे पोलीस उभा आहे हे समोरच्यास दिवे उघडझाप करून सांगण्यात आपण अजून बंधुभाव मानतो. मुंबईहून पुण्यास किती कमी वेळात पोहोचलो हे सांगताना ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर कौतुकच उमटते. अटल सेतू खुला झाला त्या पहिल्या दिवसांत भर पुलावर मोटारी थांबवून छायाचित्रे काढणाऱ्यांवर पोलिसांस कारवाई करावी लागली. ती माणसे अडाणी नव्हती. आणि शिस्तीची चर्चा निघालीच तर ती रिक्षावाला, दुचाकीवरचा पोरगा आणि ट्रेलरचालक यांच्यापाशीच येऊन थांबते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे! रात्रभर बंदराच्या वाटेवर खोळंबलेल्या ट्रेलरचालकाला शिस्तीचे पाठ देणे सोपे आहे. आपल्याच मंडळातील डॉक्टरसाहेबांना, ते उलट दिशेने आले होते, असे सांगणे कठीण आहे. म्हणूनच आमची अट ही की, गटाने न्यायनिवाडा करावयाचा तो प्रथम स्वतःच्या सदस्यांचा.

यावर कोणी म्हणेल की, बेफाम हाकणारे अशा मंडळांत येतच नाहीत. येतात ते मुळातलेच सज्जन. आक्षेप खरा आहे, पण निर्णायक नाही. पट्ट्यांपाशी एक मोटार थांबली की तिच्या मागच्याला निरुपायाने का होईना थांबावे लागते, आणि पादचारी निर्धास्तपणे पलीकडे जातो. उलव्यासारख्या नव्या वसाहतीत याचे मोल अधिक आहे. जुन्या शहरांच्या वाईट सवयी पिढ्यांच्या झाल्या आहेत. येथील चौकांची वहिवाट अजून पडावयाची आहे. येथे जे आज रूढ होईल तेच उद्या मुले शिकतील. शाळेत रोड सेफ्टी पेट्रोलचा गणवेश घालून कवायत करणारा मुलगा संध्याकाळी वडिलांशेजारी बसून तांबडा दिवा ओलांडला जाताना पाहतो, तेव्हा त्याने कोणता धडा खरा मानावा?

याचा अर्थ प्रशासनाची जबाबदारी संपली असा नाही. चालता येईल असे पदपथ, दिसतील असे पट्टे आणि रात्री जळणारे दिवे ही सौजन्याने भरून निघणारी उणीव नव्हे. ती मागणी नागरिकांनी केलीच पाहिजे, आणि ती करताना मोटारवाल्यांनी पायी चालणाऱ्यांच्या बाजूस उभे राहिले पाहिजे. गटाच्या बैठकीस एखादा रिक्षाचालक, एखादा ट्रेलरचालक आणि गव्हाणची एखादी पायी येणारी बाई यांना बोलवावे, आणि त्या दिवशी मोटारवाल्यांनी केवळ ऐकावे.

परंतु त्याआधी एक काम आहे, व त्यासाठी कोणाच्या परवानगीची वा वर्गणीची गरज नाही. उलव्यातील गृहसंकुलांतून मोटारमालकांच्या जेव्हा जेव्हा बैठका होतील, तेव्हा प्रत्येक सदस्याने आपल्या गाडीवर गेल्या वर्षभरात निघालेल्या ई-चलनांची यादी बरोबर आणावी आणि ती इतरांसमोर वाचून दाखवावी. चर्चेस तेथून प्रारंभ करावा.