आकडे ठेवले, माणसं रद्दीत घातली

तुमच्या पणजीचं नाव काय? माहेरचं नको, सासरचंच सांगा. दहा मित्रांना विचारून बघा, आठ जण आईला फोन लावतील आणि आईलाही ते सांगता येणार नाही. माझ्या घरी वडिलांच्या बाजूने पणजोबांपर्यंत नावं येतात. त्यापलीकडे 'ते लोक वरच्या वाडीत राहायचे' एवढंच. पणजी तर निव्वळ 'पणजी' होती.

आपल्याला वाटतं, हे असंच असायचं. गरिबांच्या घरात कोण कशाला लिहून ठेवणार? पण लिहून ठेवलं होतं. घरच्यांनी नाही, सरकारने. ते कागद काळाच्या ओघात हरवलेही नाहीत. काम संपल्यावर ते नष्ट केले गेले, आणि ती रीतच होती. माझं भांडण त्या रीतीशी आहे.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी ब्रिटिश हिंदुस्थानात पहिल्यांदा सगळीकडे एकाच वेळी जनगणना झाली. प्रगणकाच्या तक्त्यात प्रत्येक माणसाची ओळ होती : नाव, वय, लग्न झालंय की नाही, धर्म, जात, मातृभाषा, जन्मठिकाण, धंदा, लिहिता-वाचता येतं का. तेव्हा पुण्यात राहणाऱ्या जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या घरीही कुणीतरी प्रगणक गेलाच असणार. सावित्रीबाईंच्या धंद्याच्या रकान्यात त्याने काय लिहिलं? शिक्षिका? की काहीच नाही? हे आता कधीच कळणार नाही.

त्याच वर्षी ३ एप्रिलला इंग्लंडची जनगणना झाली. लंडनमध्ये राहणारा कार्ल मार्क्स त्यात मोजला गेला. त्याच्या घराची नोंद आज फोनवर दिसते. मार्क्स मोठा माणूस म्हणून ती जपली असंही नाही. त्याच्या गल्लीतल्या मोलकरणींची आणि गाडीवानांचीही नोंद दिसते. राणी एकच, साल एकच. तिथे माणूस जपला, इथे फक्त बेरीज जपली.

बेरजेचं तंत्रही सांगण्यासारखं आहे. १९०१पासून आपल्याकडे चिठ्ठ्यांची पद्धत आली. तक्त्यातल्या प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी करायची, चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायचे, मोजायचे, आकडा अहवालात चढवायचा. आकडा चढला की चिठ्ठी निरुपयोगी. अहवाल मात्र जाडजूड आणि उत्तम छापलेले. इतक्या-इतक्या वयाच्या विधवा किती, हे त्यातले तक्ते सांगतात. आठ-नऊ वर्षांच्या विधवाही त्यात आहेत. त्यातली एखादी माझ्या घरातली होती का, हे मात्र ते सांगत नाहीत.

'वसाहतीत असंच चालायचं' असं कुणी म्हणेल, तर आयर्लंड बघा. तेही त्याच साम्राज्याखाली होतं. तिथेही १८८१ आणि १८९१चे तक्ते पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. पण १९०१ आणि १९११चे उरले, आणि आज तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने ते सगळ्यांसाठी मोफत ऑनलाइन ठेवलेत. आडनाव टाकलं की घर उघडतं.

सगळ्यात बोचतं ते मॉरिशसचं. एकोणिसाव्या शतकात जे गिरमिटिये ऊसमळ्यांवर राबायला तिथे नेले गेले, त्यांत मराठी माणसंही होती. मळेवाल्यांना मजूर पळून जाण्याची भीती, म्हणून प्रत्येकाची नोंद काटेकोर : नाव, बापाचं नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. पुढे फोटोसुद्धा. ती दप्तरं तिथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटने जपली आहेत. त्यामुळे मॉरिशसचा मराठी माणूस आपल्या खापरपणजोबाचं कोकणातलं गाव शोधू शकतो. त्याच गावात मागे राहिलेल्या भावाच्या वंशजाकडे काहीच नाही. ज्याला गुलामासारखं नेलं त्याचा कागद उरला. जो घरी राहिला तो नुसता आकड्यात गेला.

आता कुणी म्हणेल, पूर्वज शोधणं हा रिकामटेकड्यांचा छंद आहे. ज्याने जात पडताळणीच्या कार्यालयाबाहेर फायली घेऊन रांग लावली आहे, त्याच्यासमोर हे बोलून दाखवा. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या मुलाला १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा मागतात. अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. पालावर जन्मलेल्या माणसाने त्या तारखेआधीचा बापाचा, आजाचा कागद आणायचा कुठून? शाळा नव्हती, म्हणून दाखला नाही. जमीन नव्हती, म्हणून सातबारा नाही. त्याचं नाव, जात आणि ठिकाण एकत्र लिहिण्याची शक्यता होती ती प्रगणकाच्या तक्त्यात. तो तक्ता सरकारने स्वतःच काढून टाकला, आणि आता सरकारच म्हणतं, पुरावा आणा.

२०२३पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा हीच गोष्ट सगळ्या राज्याने पाहिली. तुमची त्या आरक्षणाबद्दलची बाजू कोणतीही असो. निजामकाळातल्या जनगणनेतून आणि गॅझेटियरमधून कुणबी किती होते ते कळतं. ते कोण होते, हे कळत नाही. म्हणून मग शाळांची रजिस्टरं, जन्ममृत्यूच्या नोंदी, मोडीतली जुनी दप्तरं उपसावी लागली.

ज्यांच्याकडे सनदा होत्या, इनामं होती, त्यांचे पूर्वज सुखरूप आहेत. त्यांचे कुलवृत्तांत छापून झालेत. क्षेत्राच्या उपाध्यांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या सह्या आहेत. या सगळ्यात दोन जण जवळजवळ नाहीत : भूमिहीन माणूस आणि बाई. जनगणना ही एकच वही अशी होती जिच्यात दोघांनाही ओळ होती. तीसुद्धा अर्धवटच म्हणा, कारण घरच्यांची हरकत असेल तर बाईच्या नावाऐवजी नुसतं 'स्त्री' लिहायची मुभा ब्रिटिशकाळात प्रगणकांना होती. पण ओळ होती. आणि जिथे हरकत नव्हती, तिथे नाव होतं.

वंशाचा शोध घेतला की माणसं राजघराण्यात पोहोचतात, जातीचा माज वाढतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो माज कागदावर वाढत नाही, कागद नसल्यामुळे वाढतो. रिकाम्या जागेत कुणीही तलवार काढून उभं राहतो. जनगणनेचा तक्ता तिथे 'शेतमजूर, निरक्षर, वय २६, मुलं चार' असं लिहून मोकळा होतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नावानिशी नोंदी जपल्या तर त्या हत्यार बनतात. आसामात १९५१च्या जनगणनेच्या आधारे नागरिक नोंदवही बनली. पुढे त्या नोंदवहीत आणि जुन्या मतदारयाद्यांत आजोबांचं नाव सापडतं का, यावर माणसांचं नागरिकत्व तोललं गेलं, आणि ३१ ऑगस्ट २०१९च्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक लोक बाहेर राहिले. ही भीती खरी आहे. म्हणूनच १९४८च्या जनगणना कायद्याचं कलम १५ मला हवंच आहे. त्यानुसार या नोंदी कुणाला बघता येत नाहीत आणि पुरावा म्हणून चालत नाहीत. जिवंत माणसाची माहिती कडीकुलपातच राहिली पाहिजे.

पण कुलूप लावणं आणि जाळून टाकणं यात फरक आहे. अमेरिका ७२ वर्षांनी नोंदी उघडते, १९५०ची जनगणना तिथे १ एप्रिल २०२२ला खुली झाली. इंग्लंड १०० वर्षं थांबतं. नातवाला आजी सापडावी आणि आजीला कुणी छळू नये, या दोन्ही गोष्टी एकत्र साधता येतात. त्यासाठी फक्त धीर लागतो.

हे आत्ता लिहितोय कारण २०२७ची जनगणना डिजिटल आहे. संदर्भ तारीख १ मार्च २०२७, आणि यावेळी सगळ्यांची जातही विचारली जाणार. गोदाम भरलं, कागद कुजला, ही सबब आता उरलेली नाही. आपण मागायला हवं ते एवढंच : नावानिशीची नोंद पुसू नका. शंभर वर्षं मोहोरबंद ठेवा, कोणत्याही सरकारी खात्याला आणि पोलिसांना देऊ नका, आणि मग सगळ्यांना मोफत उघडा. हे कायद्यात लिहा, परिपत्रकात नको.

तोवर एक काम तुमच्या हातात आहे. प्रगणक दारात येईल किंवा फोनवर फॉर्म भराल, तेव्हा आजीचं नाव 'अमुकची आई' असं सांगू नका. तिला विचारा, पूर्ण नाव सांगा, जन्मगाव सांगा. ती शेतात राबली असेल तर धंद्याच्या रकान्यात तिला 'घरकाम' म्हणून बसवू नका. आपण ओळ नीट भरली, तरच ती जपा असं सरकारला ठणकावून सांगता येईल.