मधला सांधा

आमच्या मेहुण्यांना समुद्राचे वेड आहे. त्या वेडापायी त्यांनी एक जुनी शिडाची नौका घेतली, आणि गेल्या डिसेंबरातल्या एका रविवारी पोहता न येणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकाला मांडव्यासमोर नेऊन नांगरले!

उन्हे कलली तशी परतायची वेळ झाली. नौकेच्या नाळेवर नांगराची साखळी ओढून घेणारा विजेचा रहाट आहे. त्याला 'विंडलास' म्हणतात. मेहुण्यांनी त्याचे बटण पायाने दाबले. 'टक्' असा आवाज आला, चाक अर्धा वेढा फिरले, कण्हले आणि थांबले.

मेहुण्यांनी बॅटरीला मीटर लावला. १२.६ व्होल्ट! "बॅटरी ठणठणीत आहे. म्हणजे मोटारच जळाली," असा निकाल देऊन ते तांडेलावर घसरले. धुताना पाणी घातलेस, आता नव्या मोटारीचे पैसे तुझ्या पगारातून कापू का? तांडेल साठीचा माणूस. तो गप्प राहिला. मीही गप्प राहिलो. पाहुण्याने मध्ये कशाला पडा?

थोड्या वेळाने तांडेल मला म्हणाला, "मास्तर, बटन दाबून धरा. सोडा म्हटलं की सोडा."

बटण दाबलेले असताना त्याने आधी बॅटरी मोजली. १२.१. मग मोटारीची टोके मोजली. ८.८! तीन व्होल्टांहून अधिक वीज वाटेतच गडप होत होती.

बारा व्होल्टांचे असे यंत्र जोर लावताना ८० ते १०० ॲम्पिअर प्रवाह ओढते. वाटेतल्या एखाद्या सांध्यात ०.०३ ओहमचा क्षुल्लक अडथळा आला, तरी १०० ॲम्पिअरला ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि सांधा तापतो. त्याच सांध्यातून एखादा दिवा मात्र छान लागेल. 'टक्' वाजले म्हणजे हुकूम पोचला. ताकद पोचलीच असे नाही.

तांडेलाने जाड तारेवरून बेताने हात फिरवला. साखळीच्या ओल्या कप्प्यापाशी एक जोड कढत लागला. मुख्य स्विच बंद करून त्याने वरचे आवरण कापले. आत तांबे हिरवेगार! पॉलिश कागदाने त्याने ते घासले, जोड घट्ट आवळला. या खेपेला मोटारीवर ११.६ व्होल्ट भरले.

मग इंजिन हळू पुढे चालवून मेहुण्यांनी नौका नांगराकडे नेली. यंत्राने सैल पडलेली साखळी तेवढी गोळा करायची असते. नौका ओढायची नसते. तांडेल नाळेवरून हाताने खुणा करीत होता आणि सुकाणूवरचे मेहुणे त्या निमूट पाळत होते.

परतताना माफीबिफी कोणी मागितली नाही. थर्मासमधला चहाचा पहिला पेला मात्र तांडेलाच्या हाती गेला. मेहुण्यांनी आपला हिशेब त्यांच्या परीने चुकता केला.

माझा राहिला आहे. वर्गात न्यायाबद्दल बोलताना मीही १२.६ व्होल्ट दाखवतो. त्या संध्याकाळी बटण दाबले गेले, आणि माझ्या तोंडून साधे 'टक्'सुद्धा निघाले नाही.