सेवा करणारांचा वाली कोण?

आईबापांस वाऱ्यावर सोडणाऱ्या मुलांस वठणीवर आणण्याकरितां २००७ सालीं ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला, हें योग्यच झालें. त्याअन्वयें प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढें दाद मागतां येते. सेवेच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, परत घेतां येते. आणि टाकून देणारास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. परंतु जो मुलगा, किंवा बहुतकरून जी मुलगी अथवा सून, आईबापांस टाकीत नाहीं, तिला हात देणारें एकही कलम या कायद्यांत नाहीं. कर्तव्य चुकविणारास दंड आहे. करणारास मात्र कोरडी स्तुति!

अर्धांगवायूनें अंथरुणास खिळलेल्या सासूचें रात्रंदिवस करणारी बाई नोकरी सोडते, म्हणजे आजचा पगार आणि उद्यांच्या म्हातारपणची पुंजी अशा दोहोंस मुकते. सेवा हा धर्म आहे, त्याचें मोल पैशांत करूं नये, असें यावर कोणी म्हणतील. मग २०१७ सालीं बाळंतपणाची भरपगारी रजा २६ आठवड्यांची केली, तेव्हां मातृत्व बाटलें काय? केरळ सरकारनें 'आश्वासकिरणम्' योजनेखालीं अशा शुश्रूषा करणारांस दरमहा ६०० रुपये ठरविले. रक्कम तुटपुंजी खरी. पण घरांतील सेवा हें श्रमाचें काम आहे, हें तत्त्व तींत मान्य झालें.

कायद्याची अडचण तर याहून बिकट आहे. बापानें मुखत्यारपत्र दिलें कीं काम भागलें, असें लोक समजतात. पण १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें देणाराची बुद्धि भ्रष्ट होतांच मुखत्यारी संपते. म्हणजे स्मृतिभ्रंश झाल्यावर, नेमक्या गरजेच्या वेळीं, तो कागद निकामी! बेशुद्ध रुग्णाचा पालक नेमण्यास पुरेसा कायदा नाहीं, म्हणून केरळच्या उच्च न्यायालयास २०१९ सालीं स्वतःच नियम घालून द्यावे लागले.

तेव्हां आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे: शुश्रूषेकरितां भरपगारी रजा, बुद्धि गेल्यावरही टिकणारें, पण हिशेबाच्या तपासणीनें बांधलेलें मुखत्यारपत्र, आणि सेवा करणारास चार दिवस उसंत मिळावी म्हणून प्रत्येक तालुक्यांत रुग्णास ठेवून घेणारी सरकारी सोय. महाराष्ट्र सरकारनें निदान तिसरीस तरी हात घालावा. श्रावणाची कथा मुलांस सांगणाऱ्या समाजानें, कावड वाहणाराच्या खांद्याकडेही एकदां पाहावें.